तुळजाबाईंनी घुमणं सोडलं

माझ्या सासूबाई, तुळजाबाई, यांच्या अंगात देवी यायची. लग्न ठरवताना हे कुणी लपवलं नव्हतं. उलट माझ्या वडिलांना कौतुकानेच सांगितलं होतं. धायरीत दर शुक्रवारी आमच्या अंगणात चपलांचा खच पडायचा. कुणाचं लग्न जमत नसे, कुणाचं पोर अभ्यास करत नसे, कुणाच्या घरात भावाभावांचा वाद असे. मी बाणेरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. तरी नवरात्रात मीही त्यांच्या पाया पडायचे आणि ते मला खटकायचं नाही.

मी त्यांना आत्या म्हणते. आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात.

आत्या वेल्ह्याकडच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा धायरी खेडं होतं आणि आमच्या शेतात ज्वारी आणि भाजीपाला व्हायचा. आता त्या शेतावर सात मजली सोसायटी उभी आहे आणि आमचं घर तिच्या कुंपणाला टेकून आहे. सासरे, कोंडीराम, तेव्हा तापट होते. जेवणात मीठ कमी पडलं तरी हात उचलायचे. आत्यांची सासू मध्ये पडायची नाही. पहिलं बाळ महिन्याच्या आत गेलं, तेव्हा तर ते पांढऱ्या पायाच्या सुनेमुळेच गेलं असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. त्या वर्षी नवरात्रात घरी गोंधळ घातला. संबळ वाजायला लागला आणि कोपऱ्यात बसलेल्या आत्या एकाएकी थरथरायला लागल्या. केस सुटले, घुमू लागल्या. त्यांच्या तोंडून आवाज आला तो कुणी कधी ऐकला नव्हता. तो आवाज कोंडीरामांना म्हणाला, "माझ्या झाडाला पुन्हा हात लावलास तर निर्वंश करीन."

ज्याच्या अंगात देवी येते त्याला देवीचं झाड म्हणतात. आत्यांच्या सासूने स्वतः पुढे होऊन सुनेच्या कपाळावर मळवट भरला आणि पायावर डोकं ठेवलं. कोंडीरामांनी त्यानंतर कधीही हात उचलला नाही.

हे सगळं मला आत्यांनीच सांगितलं, पण फार नंतर. आधी शर्मिलाताईंच्या साखळीचं सांगायला हवं, कारण सुरुवात तिथून झाली.

शर्मिलाताई शेजारच्या सोसायटीत राहतात. एका शुक्रवारी त्या सोन्याची साखळी हरवली म्हणून आल्या. आत्या घुमायला लागल्यावर त्यांनी पदर पसरून गाऱ्हाणं घातलं. देवीने सांगितलं, "बाहेरची न्हाई, घरात वावरणारी हाय. पायाला डाग हाय तिच्या." शर्मिलाताईंकडे मथुराबाई नावाची बाई धुण्याभांड्याला यायची. परभणीकडची, नवऱ्यामागे दोन मुली घेऊन पुण्यात आलेली. तिच्या पायावर भाजल्याचा मोठा डाग होता. दुसऱ्या दिवशी तिचं काम गेलं. सोसायटीत बातमी फिरली आणि चार दिवसांत सगळ्याच घरांची दारं तिला बंद झाली. पोलिसांत कुणी गेलं नाही. देवीने सांगितल्यावर पोलीस कशाला?

पुढे दिवाळीच्या सुमाराला शर्मिलाताई ओटीचं सामान घेऊन हसतमुखाने आल्या. साखळी सापडली होती. नाशिकला लग्नाला नेलेल्या बॅगेचं अस्तर फाटलं होतं, त्यात ती जाऊन बसली होती.

"देवीनेच परत दिली," त्या म्हणाल्या.

आत्या तेव्हा मेथी निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "आन् मथुराबाई?"

"ती होय? तिला तेव्हाच काढलं. बरंच झालं म्हणा, नाहीतरी दांड्या फार मारायची."

"पर देवी तर म्हनली व्हती, पायाला डाग असलेल्या बाईनं नेली."

"हो, पण सापडली ना. तिचीच कृपा."

शर्मिलाताई ओटी ठेवून गेल्या. आत्यांनी ती उचलली नाही. मेथीची जुडी बाजूला ठेवली. मग मला म्हणाल्या, "नम्रता, साखळी सापडली न्हाई तवाबी देवी खरी. सापडली तवाबी देवी खरी. मग ती खोटी ठरायला काय व्हायला पायजे?"

असा प्रश्न घरात कुणी कधी विचारलाच नव्हता.

लोकांना वाटायचं, घुमताना काय बोललं ते आत्यांना आठवत नाही. ते खरं नव्हतं. धुरापलीकडचं दिसावं तसं त्यांना आठवायचं. आता त्या ते ओढून ओढून आठवायला लागल्या. त्या शुक्रवारी खोलीत धूप पेटवण्याआधी शर्मिलाताई ओसरीवर बसून दुसऱ्या बाईला काहीतरी सांगत होत्या. "माझा संशय मथुराबाईवरच आहे, ती भाजलेल्या पायाची." आत्या तेव्हा पाणी भरत होत्या. ऐकलं असंही त्यांना त्या वेळी वाटलं नव्हतं. पण कानांनी ऐकलं होतं.

त्यानंतर एका सकाळी, मी डबा भरत असताना, त्या माझ्याजवळ आल्या. पायातली जोडवी काढून त्यांनी माझ्या हातात दिली.

"ही लपव. कुठं ते मला सांगू नको. शुक्रवारी देवी आली की तिला इचार."

"आत्या, देवीची परीक्षा घ्यायची?"

"खरी आसंल तर तिला काय भ्या?"

मी घाबरले होते, हे कबूल करते. कंपनीत दिवसभर प्रोग्राममधल्या चुका शोधणारी मी, पण ती जोडवी रुमालात बांधताना मी मनातल्या मनात देवीची माफी मागितली. मी ती तांदळाच्या डब्यात खुपसली. शुक्रवारी गर्दीत पुढे होऊन विचारलं, "आई, घरातली एक वस्तू हरवली आहे, कुठे मिळेल?" आत्या घुमत होत्या, डोळे अर्धे मिटलेले. "धान्यात," देवी म्हणाली. लोक निघून गेल्यावर मी धावत आत गेले आणि त्यांना जोडवी दाखवली.

आत्यांचा चेहरा उजळला नाही. त्या म्हणाल्या, "दुपारी भात टाकायला गेले तवा डबा सरकलेला दिसला. मनात तवाच आलं आसंल. आता आसं कर, घरात लपवूच नको."

पुढच्या वेळी मी जोडवी ऑफिसात नेऊन टेबलाच्या खणात ठेवली. देवी म्हणाली, पाण्यापाशी आहे. त्यानंतर ती माझ्या आईकडे नारायण पेठेत ठेवून आले, तर देवी म्हणाली, घरातच आहे, अंधारात. आत्यांनी हे पुन्हा पुन्हा करायला लावलं. मधल्या काळात त्यांनी ओसरीवर बसणंही सोडलं. गाऱ्हाणं घेऊन आलेल्यांच्या गप्पा कानावर पडू नयेत म्हणून त्या मागच्या खोलीत दार लावून बसायच्या. त्या शुक्रवारांना देवी फार कमी बोलली. बोलली ते कुणालाही लागू पडेल असं. घरात कुणीतरी नाराज आहे, दक्षिणेकडून त्रास आहे, सांभाळून राहा.

एकदा लोक गेल्यावर आत्या भिंतीला टेकून म्हणाल्या, "मीच हाय गं ही."

त्यांचं अंग अजून थरथरत होतं. ते थरथरणं खोटं नव्हतं, आजही मी ते कुणाला खोटं म्हणू देत नाही. त्यात जो बोलायचा, तो मात्र त्यांचा स्वतःचाच आवाज होता. आयुष्यभर दाबलेला.

त्या रविवारी आम्ही दोघी बसने कात्रजला गेलो. मथुराबाई तिकडे बहिणीकडे राहत होती आणि एका डबे करणाऱ्या बाईंकडे पोळ्या लाटत होती. आत्यांना दारात बघून ती गडबडून उठली, पदर सावरला आणि वाकून पायाला हात लावायला गेली. आत्यांनी तिचे हात वरच्या वर धरले.

"पाया पडू नको. मी माफी मागायला आलेय. साखळी शर्मिलाताईंच्या बॅगेतच व्हती. तुझ्यावर आळ आला तो माझ्या तोंडामुळं."

मथुराबाईने त्यांना आत बसवलं. मग म्हणाली, "माय, खरं सांगू का? देवीनं सांगितलं म्हनल्यावर म्या घरी येऊन माझीच पेटी उघडून बघितली. समदे कपडे झटकले. वाटलं, म्याच घेतली असंल अन् इसरले. देवी कशी खोटं बोलंल?"

हे ऐकून आत्यांचा बांध फुटला. मी त्यांना घुमताना पाहिलं होतं, किंचाळताना पाहिलं होतं, पण रडताना तोवर पाहिलं नव्हतं. मथुराबाईने त्यांना पाणी दिलं. ती रडली नाही. शांतपणे म्हणाली, "मला येऊन सांगितलं, चांगलं केलं. पर मला तर ठाऊकच होतं, म्या चोर नाही. ज्याईच्यासमोर बोलल्या, त्याईच्यासमोर सांगा."

परतीच्या वाटेवर आत्या म्हणाल्या, "बरोबर बोलली ती."

त्यांचे धाकटे दीर मच्छिंद्र यांना ही कुणकुण लागली आणि ते घरी आले. प्लॉटची खरेदी-विक्री हा त्यांचा धंदा, आणि नगरसेवक होण्याची त्यांची फार इच्छा. नवरात्रात चौकात आत्यांचा फोटो आणि खाली स्वतःचा हात जोडलेला फोटो असा फ्लेक्स तेच लावायचे. अंगणात सभामंडप बांधायचं त्यांनी मनात घेतलं होतं.

"वहिनी, लोकांची श्रद्धा हाय. तुम्ही एकट्या कोन ती मोडनार?"

"लोकांची मोडत न्हाई, भाऊजी. माझी मोडली, तेवढं सांगनार."

"घुमायचं नसंल तर नका घुमू. तब्येतीचं कारन सांगू. पर चार लोकांत आसलं बोलू नका."

"आन् मथुराबाईचं?"

"त्या बाईला हजार-दोन हजार देऊन टाकू."

आत्या उठून आत गेल्या. त्यांच्या लेखी बोलणं संपलं होतं.

शुक्रवार आला. अंगण भरलं. आत्या बाहेर आल्या त्या साध्या साडीत, मळवट न भरता, गळ्यात कवड्यांची माळ न घालता. उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. त्यांचा आवाज सुरुवातीला इतका बारीक होता की मागचे लोक "काय म्हणतात, काय म्हणतात" करत होते.

"आज मी घुमनार न्हाई. आज काय, पुन्हा कधीच न्हाई. इतकी वर्सं तुम्ही देवीला इचारलं आन् मी बोलले. देवी हाय का न्हाई हे मला कळत न्हाई. पर बोलत व्हती ती मी व्हते. तुम्हीच ओसरीवर सांगितलेलं मी तुम्हालाच परत सांगत व्हते. मी तपासून बघितलंय. एका गरीब बाईवर माझ्यामुळं चोरीचा आळ आला. मथुराबाई तिचं नाव. तिनं काही घेतलं नव्हतं. साखळी मालकिणीच्या बॅगेत सापडली."

शर्मिलाताई तिथेच होत्या. त्यांनी मान खाली घातली.

मला वाटलं होतं, लोक चिडतील. तसं झालं नाही. झालं ते जास्त अवघड होतं. एक म्हातारी पुढे येऊन त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "आई परीक्षा बघतीया आमची." दुसरी म्हणाली, घरात काहीतरी विटाळ झाला असणार. कुणीतरी माझ्याकडे बघितलं. आत्या एकेकीला उठवून सांगत होत्या, "न्हाई गं बाई, परीक्षा न्हाई, खरंच सांगते," आणि जितकं सांगतील तितके लोक हात जोडत होते. शेवटी त्या दमून पायरीवर बसल्या. हळूहळू अंगण रिकामं झालं.

संध्याकाळी माझ्यादेखत, माझा नवरा ऋषी याच्यादेखत, कोंडीराम आत्यांसमोर येऊन उभे राहिले.

"घराची अब्रू घालवलीस. देवी न्हाई म्हनतीस तर आता तुझं ऐकनार कोन?"

आत्यांनी त्यांच्या हाताकडे बघितलं. मीही बघितलं. इतक्या वर्षांनी त्या घरात पुन्हा तो हात सगळ्यांना दिसला.

"ऐकायचं नसंल तर नका ऐकू," त्या म्हणाल्या. "पर हात उचलला तर मी पोलिसांत जाईन. त्याला देवी लागत न्हाई."

ऋषी उठून आईच्या बाजूला उभा राहिला. कोंडीराम चप्पल घालून बाहेर गेले. जेवायला परत आले. भाजी पुन्हा मागितली. आत्यांनी वाढली.

माघात कोंडीरामांच्या छातीत दुखायला लागलं. घामाने बनियन भिजली, बोलता येईना. सिंहगड रस्त्यावरच्या एका दवाखान्यात आम्ही त्यांना नेलं. मच्छिंद्रकाका तिथे आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घ्या. कोप झाला. सांगत व्हतो मी." नातेवाइकांतल्या दोघीतिघींनी माना हलवल्या. एकीने पर्समधून अंगारा काढला.

आत्यांनी तो घेतला नाही आणि दोन्ही हात पदरात घट्ट धरून ठेवले. नंतर त्यांनी मला सांगितलं, "जिना चढताना मलाबी वाटलं, देवीच हाय ही. मनात आलं, आत्ता इथंच नवस बोलावा, पुन्हा घुमते म्हनावं. तोंडापर्यंत आलं व्हतं."

डॉक्टर तरुण होते. नस उघडली आहे, धोका टळला आहे, असं त्यांनी बाहेर येऊन सांगितलं. बाकीचे आत बघायला धावले. आत्या मात्र डॉक्टरांसमोर थांबल्या.

"ही नस कधी बंद झाली?"

"एकदम नाही होत, आजी. वर्षानुवर्षं आत चरबी साठत जाते. त्यात यांची तंबाखू, साखर. शेवटी गाठ अडकली, एवढंच आत्ताचं."

"वर्सानुवर्सं म्हंजे, चार-पाच वर्सांमागंबी साठत व्हती?"

"नक्कीच. दहा वर्षांमागेही."

"तवा तर मी दर शुक्रवारी घुमत व्हते," आत्या म्हणाल्या. डॉक्टरांना अर्थातच काही कळलं नाही. आत्या बाकावर बसल्या आणि त्यांनी मोठा श्वास सोडला. पदरातले हात मोकळे केले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चहा मिळतो का बघ गं कुठं."

कोंडीराम बरे झाले. तंबाखू सुटली, निदान आमच्यासमोर तरी. घरातला देव्हारा आहे तिथेच आहे. पूजा ते करतात. आत्या त्यांना फुलं आणून देतात, पण स्वतः हात जोडत नाहीत. यावरून त्यांच्यात आता भांडण होत नाही. परवा कुणी पाहुण्याने चांगला ज्योतिषी सुचवला, तर कोंडीराम म्हणाले, "आमच्या घरात सांगू नका. ही लगेच इचारंल, कशावरून?" हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती.

मथुराबाई सोसायटीत परत आली नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तिच्यावरचा आळ खोटा होता असं आत्यांनी सेक्रेटरींना मांडायला लावलं, ते मी तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "चांगलं झालं. पर त्या जिन्यानं मी पुन्हा चढणार नाही." शर्मिलाताई तिला अजून भेटलेल्या नाहीत. सगळं नीट झालं असं मी म्हणणार नाही.

लोक अजून येतात. पूर्वीइतके नाहीत, पण येतात. आत्या आता ओसरीवरच बसतात आणि सगळं उघडपणे ऐकतात. कुणाच्या मुलीला आकडी येत असेल तर तिला घेऊन स्वतः दवाखान्यात जातात. कुणाच्या सुनेला मार असेल तर ऋषीला हाक मारतात आणि पोलीस चौकीची वाट धरतात. पुष्कळदा काहीच करता येत नाही, तेव्हा "मला ठावं न्हाई" असं सरळ सांगतात. हे तीन शब्द ऐकून काही जण रागावून उठून जातात. पूर्वी कुणी रागावून गेलं नव्हतं. आत्या त्यांना जाऊ देतात.

मागच्या महिन्यात नारायण पेठेतल्या एका छोट्या सभागृहात काही मंडळींनी त्यांना बोलायला बोलावलं. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारे लोक होते. श्रोत्यांत पहिल्या रांगेत एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ बसले होते. आत्यांचं सांगून झालं तशी त्यांनी मान किंचित कलती करून विचारलं, "म्हणजे बाई, आपण इतकी वर्षं लोकांना फसवत होतात, असं समजायचं का आम्ही?"

सभागृहात खसखस पिकली. मला संताप आला. आत्या मात्र विचारात पडल्या. प्रश्न त्यांना खरा वाटला होता.

"फसवत नव्हते," त्या म्हणाल्या. "मी सोता फसले व्हते. पर फसलेल्या मान्सानं दुसऱ्याला फसवलं, तर त्याला काय म्हनायचं, ते तुम्ही शिकलेल्यांनी ठरवा. मथुराबाईला इचारलं तर ती म्हनंल, तिच्यासाठी दोन्ही सारखंच."

त्या गृहस्थांनीच उठून खुर्ची पुढे केली, "आपण बसून बोला." आत्या बसल्या. एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, देव नाही असं तुम्हाला आता वाटतं का? आत्या म्हणाल्या, "जे तपासता येत न्हाई ते हाय म्हनून कुनाला कामावरून काढायचं न्हाई, कुनाला मारायचं न्हाई, कुनाचं औषध थांबवायचं न्हाई. एवढं मला कळलंय. माझ्यापुरतं म्हनशील, तर मला आता गरज वाटत न्हाई."

घरी परतताना बसमध्ये गर्दी होती. दांडेकर पुलाशी आम्हाला जागा मिळाली. आत्या खिडकीशी बसल्या.

"मी जादा बोलले का गं?"

"नाही, आत्या."

"तासभर बोलले आसंन. शुद्धीत." एवढं म्हणून त्या हसल्या, आणि वडगावच्या पुढे कंडक्टरने धायरी फाटा पुकारेपर्यंत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून गाढ झोपल्या.